समोरची खुर्ची

"तुमची खुर्ची जरा तिच्या मागे घ्या," चाचणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या. सांगताना त्यांनी मान वर केली नाही. डावा हात तेवढा हलवला, ताटावरची माशी वारावी तसा. तो उठला, खुर्ची उचलली, मुलीच्या मागे भिंतीशी नेऊन ठेवली आणि बसला. झालं ते एवढंच. कुणी आवाज चढवला नाही की कुणी कुणाला जाब विचारला नाही. खोली तशी बरी होती. पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात वाळू भरलेला पसरट ट्रे, खिडकीत कुंड्या, आणि टेबलामागे ही बाई, पन्नाशीची, बारीक काड्यांचा चष्मा घातलेली, कसलीच घाई नसलेली. आत्ता थोड्या वेळापूर्वी तो टेबलाच्या पलीकडे, बाईंच्या शेजारी, मुलीच्या अगदी समोर बसला होता. बाईंच्या हातातल्या प्रतीत सवयीनं डोकावत होता आणि मुलगी पुढ्यातलं कार्ड घडाघडा वाचत होती. कोळी, होडी, वादळ, किनारा, एकही शब्द चुकला नाही. त्यानं बाईंकडे तिरक्या नजरेनं बघूनही घेतलं होतं, की ऐकलंत ना, झालं ना समाधान, आता काय लिहून द्यायचं ते द्या आणि आम्हाला मोकळं करा. नेमकं तेव्हाच बाईंनी मुलीवरची नजर काढून त्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं. तोंडाकडे म्हणजे खरोखर तोंडाकडेच, डोळ्यांकडे नाही. आणि मग खुर्ची.

आता मुलगी त्याला दिसत होती ती पाठमोरी. घरात तिला घारू म्हणत, घाऱ्या डोळ्यांची म्हणून. डोळे दिसेनासे झाल्यावर उरली ती एक बारीक मान, त्यानंच सकाळी घाईत घातलेली वाकडी वेणी आणि गणवेशाच्या कॉलरमधून बाहेर आलेला शिवणीचा दोरा. इतक्या वर्षांत आपण हिला अभ्यासाला बसलेली अशी मागून कधी पाहिलेलीच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. बाईंनी दुसरं कार्ड तिच्यापुढे ठेवलं. घारूनं कार्डाकडे बघितलंच नाही. आधी मान वळवून मागे, त्याच्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, समोर बघ बाळ, बाबा कुठे जात नाहीत. मान पुन्हा समोर गेली. आणि खोलीत शांतता पसरली.

शांततेतलं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. विंगेतल्या अंधारात उंच स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटक घ्यायचं, त्यावर बोटभर उजेड पाडणारा दिवा, आणि रंगमंचावरच्या माणसांना विसरलेले शब्द पुरवायचे, हा त्याचा धंदा. नवशिक्यांना शब्द कुजबुजून द्यावा लागतो. मुरलेल्यांना तेवढाही लागत नाही, त्यांना नुसते ओठ पुरतात. पहिल्या वाक्यापासून पडदा पडेपर्यंत तो सगळं नाटक आवाज न करता ओठांनी म्हणत असे; ज्याला हवं त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून उचलावं. कंपनीत एक मोठे नट होते, ज्यांच्या नावावर तिकिटं खपत, ते तर हटकून त्याच्याच विंगेकडे तोंड करून उभे राहत. लोकांना वाटे, काय ही नजर, कुठे दूर शून्यात लागलीय. शून्यात कसली, ती याच्या ओठांवर लागलेली असे. टाळ्या त्यांना, फुलं त्यांना, आणि पडदा पडल्यावर याच्या पाठीवर एक थाप. त्याचं त्याला फारसं काही वाटत नसे. म्हणजे वाटत असे, पण ते दुखणं अंगवळणी पडलं होतं. एकच गोष्ट तो छाती काढून सांगे, की आजवर पहिल्या रांगेतल्या माणसानंही आपला आवाज ऐकलेला नाही.

नटानं मुद्दाम घेतलेली शांतता आणि नटावर कोसळलेली शांतता, प्रेक्षकांना दोन्ही सारख्याच. प्रॉम्प्टरला त्यातला फरक खांद्यांवरून कळतो. शब्द हरवला की खांदे कानांकडे सरकतात, अगदी केसभर. घारूचे खांदे चांगले बोटभर वर सरकले होते आणि तिथेच राहिले होते. त्याला एकदम कळून चुकलं की तिच्याकडे शब्द नाही. पहिला नाही, दुसरा नाही, त्या कार्डावरचा कुठलाच नाही. आणि हे कळत असतानाच त्याच्या स्वतःच्या तोंडात काहीतरी हललं. कार्ड त्याला भिंतीपासून दिसतही नव्हतं, तरी ओठ आपले आपण उघडले होते, काहीतरी द्यायला. त्यानं तोंडावर हात नेला. हाताखाली ओठ हलतच होते. आपल्याच अंगात एखादं परकं जनावर राहत असावं आणि त्याचा इतक्या वर्षांनी पत्ता लागावा, तशी त्याला किळस आली.

हे सगळं सुरू झालं होतं डोळ्यांपासून. पोरगी दुसरीत असताना वर्गाच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की फळ्यावरचं उतरवत नाही, ओळी गाळते, अक्षरं उलटी काढते. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायच्या कामाला होती. तिनं पोरीला दुकानात नेऊन उंच खुर्चीवर बसवलं, एकावर एक काचा घालून बघितल्या आणि घरी येऊन सांगितलं की डोळे स्वच्छ आहेत. हे सांगताना ती खूश नव्हती. चष्म्यानं भागलं असतं तर बरं झालं असतं, असंच तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ती रोज संध्याकाळी पोरीला घेऊन बसायला लागली, आणि रोज संध्याकाळी घरात रडारड. हा तालमीवरून यायचा तेव्हा जिन्यातच दोघींचे आवाज ऐकू यायचे, एक चढत चाललेला आणि एक बसत चाललेला. काल ओळखलेलं अक्षर पोरगी आज ओळखत नसे. बायको म्हणायची, अगं कालच तर सांगितलं. पोरगी म्हणायची, काल ते वेगळं होतं. एके दिवशी हा उंबऱ्यात उभा राहूनच म्हणाला होता, ऊठ तू, तुझ्यासमोर ती घाबरते. माणसाच्या तोंडात वाक्य कसं बसवायचं हे मला शिकवू नकोस, त्यावरच आपलं घर चालतं. बायको उठली. उठताना तिच्या चेहऱ्यावर अपमान होता आणि सुटकाही होती. त्याला त्या वेळी फक्त अपमान दिसला, आणि खरं सांगायचं तर तो त्याला आवडला.

त्यानं धंद्यातली रीत घरी आणली. नाटक वाचायला बसतात तेव्हा नव्या नटांना पहिली गोष्ट सांगतात ती ही, की कागदात तोंड खुपसून वाचायचं नाही. वाक्य डोळ्यांत भरून घ्यायचं, मान वर करायची, समोरच्याकडे बघायचं आणि मग बोलायचं. घारूला त्यानं हेच शिकवलं. जेवायच्या टेबलाच्या एका बाजूला ती, पुढ्यात पुस्तक. दुसऱ्या बाजूला, बरोबर समोर, तो. धडा त्यानं दुपारीच दोनदा नजरेखालून घातलेला असायचा आणि दोनदा वाचलेलं तो विसरत नसे. ती बोट ओळीवर ठेवायची, डोळे ओळीवरून फिरवायची, मान वर करून त्याच्याकडे बघायची आणि वाक्य म्हणायची. आधी अडखळत, मग कमी अडखळत, आणि दिवाणखान्यातला बंद केलेला पंखा पुन्हा चालू करायचा हंगाम येईपर्यंत तर ती असं वाचायला लागली की त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. घारे डोळे त्याच्यावर लावून पोरगी वाक्यामागून वाक्य बोलत होती, योग्य जागी थांबत होती, योग्य शब्दावर जोर देत होती. त्याला वाटलं, ही आपल्यावर गेली. आपल्यावर नव्हे, आपण जे व्हायला घरून पळून आलो होतो त्याच्यावर गेली. त्यालाही एकेकाळी नटच व्हायचं होतं. पण आवाज असा बारीक, की पहिल्याच नाटकात मागच्या रांगांनी आरडाओरडा केला होता, आणि तेव्हापासून तो विंगेत होता ते होताच.

तर ही पोरगी त्यानं मिरवली. नाही कशी मिरवणार? एकदा प्रयोगाच्या आधी तिला रंगपटात नेली, आरशासमोर बसलेल्या मोठ्या नटांपुढे नाटकाचं एक पान ठेवून तिला म्हणाला, वाच. स्वतः तो मोठ्या नटांच्या खुर्चीमागे उभा राहिला, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून. घारूनं पानावर डोळे फिरवले, मान वर करून आरशात बघितलं आणि वाचलं. मोठे नट तोंडाला रंग लावता लावता थांबले, आरशातून तिच्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले की ही पोरगी उद्या आमच्या पोटावर पाय आणणार. सगळे हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या घारूसाठी होत्या, पण तो त्यातला आपला वाटा घेऊन घरी आला आणि कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरला. आता, भिंतीशी बसल्या बसल्या, त्याला तो आरसा पुन्हा दिसला. आरशात मोठे नट, त्यांच्यामागे हा, आणि याच्या चेहऱ्यात खाली, जिथे तोंड असतं तिथे, सारखं काहीतरी हलणारं. रंगपटात त्या दिवशी सात-आठ माणसं होती, सगळी नाटकातली. एकालाही ते दिसू नये? की दिसलं होतं, आणि मुलीचा बाप म्हणून गप्प बसले होते?

आणि शाळा. ते आठवू नये म्हणून तो इतका वेळ बाकीचं आठवत होता. वर्गाच्या बाई म्हणत होत्या की ही वर्गात तोंड उघडत नाही, एकदा तपासून घ्या, अशा मुलांसाठी वेगळ्या शिक्षिका असतात. बायको लगेच तयार झाली. हा भडकला. माझ्या मुलीवर कसला शिक्का मारता, म्हणत तो तरातरा शाळेत गेला, आणि मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात त्यानं बाईंना बाकावर बसवलं, पोरीला फळ्याशी उभं केलं, स्वतः बाईंच्या मागे खिडकीला टेकला आणि म्हणाला, ऐका. पोरीनं अख्खा धडा वाचून दाखवला. बाईंचा चेहरा उतरला. तो जिंकून बाहेर पडला. त्या दिवसापासून शाळेच्या दृष्टीनं गोष्ट सरळ झाली: हिला वाचता येतं आणि ही वाचत नाही. ज्याला येत नाही त्याला शाळा एक वेळ सोडून देते. येत असून करत नाही त्याला नाही सोडत. माज आहे, हट्टी आहे, बापानं लाडावलीय. तिची मधली सुट्टी बंद झाली. सगळ्यांसमोर उभं करून, वाच, वाचल्याशिवाय खाली बसायचं नाही, असं सुरू झालं. एकदा ती तास संपेपर्यंत तशीच उभी राहिली आणि उभ्या उभ्या तिला लघवी झाली. पोरं हसली. बायको त्या दिवशी दुकानातून धावत शाळेत गेली, पोरीला घरी घेऊन आली, आणि रात्रीच्या जेवणाला कुणी बसलं नाही. तेव्हा तो काय म्हणाला होता? माझ्यासमोर कशी वाचते मग? हट्टीपणाच आहे हा, थोडं सोसू दे, उतरेल.

शेवटी यंदा मुख्याध्यापिकांनी दोघांना बोलावून घेतलं आणि गोड बोलून सांगितलं की आम्हाला एकदाचं काय ते कळू द्या. खरोखर अडचण असेल तर तसं चाचणीवाल्या बाईंकडून लिहून आणा, आम्ही वर्षभर लागेल ती मदत करू. आणि अडचण नसेल, नुसता हट्टच असेल, तर तिच्यासाठी दुसरी शाळा बघा. बायकोनं त्याच दिवशी वेळ घेतली. पण आज तिला दुकानातून सुटी मिळाली नाही, आणि तो म्हणाला मी नेतो. तो पोरीला घेऊन आला होता ते जिंकायलाच.

बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग कार्ड उचललं, दुसरं ठेवलं, ज्यावर मोजकीच अक्षरं होती. मग तेही उचललं आणि एकच मोठं अक्षर ठेवलं. घारू त्या अक्षराकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली की हे मला येतं पण आत्ता येत नाही. बाई म्हणाल्या, चालेल, छान बसलीस, बाहेर फळा आहे त्यावर चित्र काढ जा. त्याच्या जवळून जाताना घारू थांबली आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. आज त्याला ते दिसलं. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हतीच, कधी बघितलंच नसावं.

दार लागल्यावर बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सावकाश सगळं सांगितलं. मुलगी हुशार आहे, फारच. ओठांवरून इतकं उचलणं भल्याभल्यांना जमत नाही. पण अक्षरांची आणि तिची अजून ओळखच झालेली नाही. हा आळस नाही, माज नाही, डोळ्यांचा दोष नाही. काही मुलांच्या मेंदूची वाचायची वाट वेगळी असते, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात, आणि त्याला औषध नसतं, मेहनत असते. अगदी पहिल्या अक्षरापासून, वाळूत बोटानं गिरवून, बोलून, हातानं चाचपून, रोज थोडं थोडं. शाळेनं तिला प्रश्न वाचून दाखवायला माणूस द्यावा, वेळ वाढवून द्यावा, सर्वांसमोर वाचायला उभं करू नये. तसं त्या लिहून देतील आणि शाळेला ते मानावं लागेल. म्हणजे झालं ते चांगलंच झालं, शाळा सुटणार नव्हती. तो मान हलवत राहिला. दोन वर्षांपूर्वी आणली असती तर आज पोरगी कुठल्या कुठे गेली असती, असंही बाई म्हणाल्या, पण दोष देऊन नाही, हळहळून. दोष दिला असता तर त्याला भांडता आलं असतं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? त्यानं सांगितलं, नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहे.

"तरीच," बाई म्हणाल्या.

त्या हसल्या असत्या तरी चाललं असतं. वीस वर्षांचा धंदा, दोन वर्षांच्या संध्याकाळी, रंगपटातल्या टाळ्या, सगळं त्या एका शब्दात बसलं आणि वर जागा उरली. बाईंनी पुढे अगदी साधेपणानं सांगितलं की काही महिने तिच्या वाचनाला तुम्ही बसू नका, आईला बसू द्या, तुम्ही त्या खोलीतही नको. त्याला ते भलतंच लागलं. तो म्हणाला की असं कसं, आता कळलं ना मला, मी तोंड बंद ठेवीन, त्यात काय एवढं, तोंड बंद ठेवणं तर माझ्या हातात आहे.

"आत्ता मी बोलत होते," बाई म्हणाल्या, "तेव्हाही ओठ हलत होते."

बाहेर व्हरांड्यात घारूनं फळ्यावर रंगमंच काढला होता. मधे एक मोठा माणूस, आणि कडेला, चौकटीच्या बाहेर, स्टुलावर बसलेला दुसरा छोटा माणूस, ज्याला डोळे नव्हते, कान नव्हते, नुसतं तोंड होतं. तिला काढता येईल तेवढं मोठं. तो तिच्या शेजारच्या बाकावर बसला. मनात एकच वाक्य घोळत होतं आणि ते बोलू नये हे त्याला कळत होतं, तरी तो बोललाच.

"मला फसवत होतीस का गं?"

तिला प्रश्न कळला नाही. तिनं खडूचे हात फ्रॉकला पुसले.

"तू सांगत होतास ना," ती म्हणाली. "वाक्य बघायचं, मग मान वर करून तुझ्याकडे बघायचं. तूच म्हणालास असं वाचायचं असतं."

"असं नसतं वाचायचं."

"मोठे काका पण तसंच करतात. मी विंगेतून बघितलंय. सगळ्यांना कुणीतरी सांगतं. शाळेतच कुणी सांगत नाही. मी बघते सगळ्यांच्या तोंडाकडे. बाईंच्या पण. तिथे कुणी सांगतच नाही."

म्हणजे ती तास संपेपर्यंत उभी होती तेव्हा हट्ट करत नव्हती. वर्गभर एकेका तोंडाकडे बघत होती, की आता कुणीतरी देईल. तिनं विचारलं, मी चुकीचं वाचलं का आज? इथे बापानं काय म्हणायचं असतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. अशा जागेची वाक्यं त्याला डझनभर नाटकांतली तोंडपाठ होती, आणि ती मोठ्या नटांच्या तोंडून बाहेर पडली की बायाबापड्या पदर डोळ्यांना लावत. नाही बाळ, तू नाही चुकलीस, मी चुकलो. एवढंच. त्याचे ओठ ते वाक्य म्हणालेही असतील, त्यांचं काय सांगावं. आवाज मात्र आला तो असा, की चल, उशीर होतोय. ती त्याचं बोट धरून जिना उतरली. त्यानं फळा पुसला नाही. पुसावा असं खूप वाटत होतं.

बायकोला त्यानं सगळं सांगितलं. कमी करून सांगायचा विचार केला होता, पण तिनं मधे एकदाही अडवलं नाही, आणि न अडवणाऱ्या माणसासमोर खोटं लांबत नाही. तिनं दुकानातून आणलेल्या पिशवीतल्या भाज्या एकेक करून काढून ठेवल्या. मग म्हणाली की मला वाटायचं, मलाच शिकवता येत नाही. माझ्यासमोर तिला एक अक्षर येत नाही आणि याच्यासमोर ती पानंच्या पानं वाचते, म्हणजे मी आई म्हणून काहीतरी भयंकर करत असणार. दुकानात माणसांच्या डोळ्यांसमोर काचा बदलताना मी हाच विचार करायचे. हे ती भांडणाच्या सुरात बोलत नव्हती. त्याला वाटलं, तिनं भांडावं, ताट आपटावं, त्या भिजलेल्या गणवेशाच्या दिवसाबद्दल बोलावं. ते ती बोललीच, पण शेवटी, त्याच्याकडे पाठ करून.

"तो फ्रॉक मी धुतला होता," ती म्हणाली. "तू म्हणाला होतास, सोसू दे."

त्यानंतर घराची मांडणी बदलली. पुढच्या सगळ्या संध्याकाळी आतल्या खोलीत, दार लावून. वाळूचा ट्रे आला, खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं आली, बाईंनी दिलेली कार्डं आली. ती कुठे ठेवली आहेत हेही त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही. तालमीत एकदा मोठे नट नेहमीच्या जागी, नेहमीसारखे त्याच्याकडे तोंड करून थांबले, आणि त्याला नेमकं तेव्हाच आपलं तोंड जाणवलं. ओठ गोठले. मोठे नट डोळे वटारून बघत राहिले, आणि मग सगळ्यांदेखत म्हणाले, काय रे, झोपलास की काय? सगळे हसले. तोही हसला. वीस वर्षांत पहिल्यांदा एक वाक्य त्याच्यामुळे पडलं होतं, आणि ते उचलून देताना त्याला आवाज करावा लागला. आवाज अजून तसाच बारीक होता.

त्या संध्याकाळी प्रयोग नव्हता. तो लवकर घरी आला आणि जेवायच्या टेबलाशी आपल्या जागी बसला. समोरची खुर्ची रिकामी होती. तिच्या काठावर घारूनं केव्हातरी कोरलेल्या रेघा होत्या. आत वाचन चालू होतं. बायकोचा आवाज ऐकूही येत नव्हता, इतका खाली होता. हीच बायको दोन वर्षांपूर्वी ओरडायची हे खरं वाटू नये. घारूचा आवाज येत होता, एकेक अक्षर ओढत, जोडत, सोडत, पुन्हा जोडत. टेबलावर घडाघडा बोलणारी ती पोरगी ही नव्हेच. हिचा आवाज घोगरा होता, वाक्याला चाल नव्हती, जोर भलत्याच ठिकाणी पडत होता. माळी. गेला. बागेत. मग ती थांबली.

दारातूनही त्याला ती शांतता ओळखता आली. घेतलेली नव्हे, कोसळलेली. खांदे वर गेले असणार. तो खुर्चीत पुढे सरकला आणि त्याचे ओठ उघडले, बंद दाराकडे, नेहमीच्या सवयीनं, द्यायला. आणि त्यांच्यात काही नव्हतं. कार्ड त्यानं पाहिलेलं नव्हतं. माळ्यानं बागेत जाऊन काय केलं, काय उचललं, कुणाला हाक मारली, त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आत बायकोही शब्द देत नव्हती. दे की, तो मनात म्हणाला, सांगून टाक, मेलं पोर. इतकी लांब शांतता कुठलाही नट पेलू शकला नसता, प्रेक्षक खोकायला लागले असते, खुर्च्या करकरल्या असत्या. आत कुणी खोकलं नाही. मग घारू म्हणाली, वि. मग पुन्हा म्हणाली, वि. आणि मग, कुणाच्याही तोंडाकडे न बघता, कारण बघायला तिथे कुणाचं तोंड हलतच नव्हतं, ती म्हणाली, विळा.

बायको नुसतं हं म्हणाली. घारू एकदम हसली, स्वतःशीच हसल्यासारखी, आणि तिनं तो शब्द पुन्हा म्हटला, आता मोठ्यानं.

त्याला आनंद व्हायला हवा होता. दार उघडून आत जायला हवं होतं, पोरीला उचलून घ्यायला हवं होतं. कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलंही असतं की मला फार आनंद झाला. पण जे झालं ते तसं नव्हतं. त्या एका फुटकळ शब्दाचा त्याला राग आला. पानंच्या पानं दिली होती तिला त्यानं, आणि ती हसली ती या विळ्याला. ते हसू त्यानं आजवर ऐकलेलंच नव्हतं, इतक्या जवळ, इतक्या समोर बसून कधी ऐकलेलं नव्हतं, आणि त्यात त्याचा वाटा नव्हता. आत पुढची ओळ सुरू झाली. त्यानं ओठ दातांखाली धरले. मग तो उठला, खुर्ची आवाज न करता टेबलाखाली सरकवली, आणि काही ऐकू येऊ नये म्हणून स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.